संगणक 'बूट' होतो म्हणजे नेमके काय होते: शब्दाचा माग कसा काढावा आणि त्याचा उपयोग कसा करावा

"मशीन बूट होत नाहीये" हे वाक्य दुरुस्तीच्या दुकानात, कार्यालयात आणि शाळेच्या संगणक कक्षात नेहमी ऐकू येते, आणि ते उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात त्याचा अर्थ 'चालू होत नाही' एवढाच असतो. हा अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. या अपुरेपणाची किंमत कधी कधी मोठी असते: डिस्क निकामी झाली आहे की बूट होण्याचा क्रम तेवढा बदलला आहे, हे न पाहताच सगळे फॉरमॅट करून विंडोज नव्याने टाकण्याचा सल्ला दिला जातो, आणि त्यात घरचे फोटो, हिशेबाच्या फायली, वर्षभराचे काम नाहीसे होते. माझे मत असे आहे की या एका शब्दाचा उगम ज्याला नीट कळला, त्याला बंद पडलेल्या संगणकासमोर बसून योग्य प्रश्न विचारता येतात, कारण हा शब्द ज्या कोड्यातून निघाला ते कोडे आपला संगणक आजही दर वेळी चालू होताना सोडवत असतो.

सहज सुचणारा अर्थ आधी तपासावा

शब्दाचा उगम शोधताना सर्वांत मोठा धोका असतो तो पटकन सुचणाऱ्या आणि तितक्याच पटकन पटणाऱ्या स्पष्टीकरणाचा. या शब्दाबाबत तसे स्पष्टीकरण म्हणजे लाथ. बुटाने मारणे म्हणजे लाथ घालणे असा अर्थ इंग्रजीत आहे, आणि आपणही जुनी स्कूटर सुरू करताना तिला किक मारतो. तेव्हा यंत्राला लाथ घालून जागे करणे म्हणजे बूट करणे, असा तर्क मराठी वाचकाला सहज रुचतो.

असा तर्क तपासण्याची एक साधी कसोटी आहे. तांत्रिक शब्दाचे जुने, पूर्ण रूप शोधावे, आणि आपल्याला सुचलेले स्पष्टीकरण त्या पूर्ण रूपाच्या प्रत्येक भागाला लागू पडते का ते पाहावे. 'बूट' हे संक्षिप्त रूप आहे. पूर्ण शब्द 'बूटस्ट्रॅप' असा आहे. लाथेच्या स्पष्टीकरणात स्ट्रॅपला, म्हणजे पट्टीला, काहीच काम उरत नाही, त्यामुळे ते बाद होते. मोटारीच्या डिकीलाही ब्रिटिश इंग्रजीत बूट म्हणतात, नव्या सैनिकांच्या प्रशिक्षणाला बूटकॅम्प म्हणतात आणि चोरट्या दारूला बूटलेग म्हणतात, पण यांपैकी कशातही पट्टीचा संबंध नाही. हे शब्द त्याच पादत्राणाच्या आसपासचे असले तरी आपल्या शब्दाचे पूर्वज नव्हेत.

पट्टी कोणती आणि तिच्याशी अशक्यतेचा संबंध कसा आला

नडगीपर्यंत येणाऱ्या उंच चामडी बुटाच्या वरच्या काठाला, मागे किंवा दोन्ही बाजूंना, चामड्याची किंवा जाड कापडाची एक वळी शिवलेली असते. तिच्यात बोट अडकवून ओढले की बूट पायात चढतो. आजच्या अनेक खेळाच्या बुटांनाही टाचेच्या वर अशी छोटी वळी असते. ती पाहिल्यास पुढचा मुद्दा चटकन लक्षात येईल. ही वळी ओढून बूट वर येतो, पण बूट घातलेला माणूस मात्र स्वतःच वळ्या ओढून जमिनीवरून उचलला जात नाही.

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत ही अशक्य कल्पना थट्टेसाठी वापरली जात होती. १८३४ मध्ये एका अमेरिकन वृत्तपत्राने, सदैव चालणारे यंत्र शोधल्याचा दावा करणाऱ्या एका गृहस्थाबद्दल असे लिहिले की आता हे महाशय आपल्या बुटांच्या पट्ट्या धरून स्वतःला कंबरलँड नदीपलीकडे किंवा गोठ्याच्या कुंपणावरून पलीकडे नेऊ शकतील. म्हणजे मूळ अर्थ 'जे होणेच शक्य नाही ते करू पाहणे' असा होता. विसाव्या शतकात मात्र हाच वाक्प्रचार उलट्या बाजूने वापरात आला, आणि कोणाच्याही मदतीशिवाय, स्वतःच्या हिमतीवर वर येणाऱ्या माणसाच्या कौतुकासाठी तो रूढ झाला. संगणकातील शब्दात या दोन्ही छटा शिल्लक आहेत: वरवर अशक्य वाटणारी गोष्ट, आणि ती बाहेरच्या मदतीशिवाय पार पाडणे.

बॅरन मुंखहाउझेन या बढाईखोर सरदाराच्या जर्मन गप्पांमध्ये हा वाक्प्रचार जन्मला असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. त्या गोष्टीत बॅरन दलदलीत रुततो आणि स्वतःला घोड्यासह वर ओढतो हे खरे, पण तो ओढतो ते स्वतःच्या केसांना धरून. बुटाची पट्टी तिथे नाही. कल्पना तीच असली म्हणून शब्दही तिथलाच असे ठरत नाही, आणि उगम शोधताना हा फरक पाळणे आवश्यक आहे.

आपल्याकडेही हीच कल्पना फार जुनी आहे. आपल्या दर्शनांच्या वादचर्चेत 'कितीही तरबेज झाला तरी डोंबाऱ्याचा पोर स्वतःच्या खांद्यावर चढू शकत नाही' अशा अर्थाचे संस्कृत वचन येते, आणि एखादी गोष्ट स्वतःच स्वतःचा आधार होऊ शकत नाही हे दाखवण्यासाठी ते वापरले जाते. ज्या वाचकाला बुटाची पट्टी परकी वाटते त्याने हा नटबटू डोळ्यांसमोर ठेवावा.

कोडे स्वतःच्या शब्दांत मांडून पाहावे

पुढच्या पायरीत वाचकाने थोडा वेळ थांबावे अशी माझी विनंती आहे, कारण इथे घाई केली तर बाकी सगळे पाठांतर ठरते. प्रोसेसर स्वतःहून काहीही करत नाही. मेमरीतल्या ज्या आज्ञा त्याच्यापुढे येतील त्या तो एकामागून एक पाळतो. वीज गेली की मुख्य मेमरी, जिला आपण रॅम म्हणतो, रिकामी होते. विंडोज किंवा लिनक्स यांच्या सगळ्या आज्ञा डिस्कवर असतात. डिस्कवरच्या आज्ञा मेमरीत आणायच्या तर 'डिस्कचा अमुक भाग वाच आणि मेमरीत अमुक ठिकाणी ठेव' असे सांगणाऱ्या आज्ञा आधीच मेमरीत असायला हव्यात. त्या आज्ञा मेमरीत कोण आणणार? कार्यक्रम, म्हणजे आज्ञांचा संच (प्रोग्राम), आणण्यासाठी कार्यक्रम हवा, आणि तोही कुठून तरी आणायला हवाच.

शेतातल्या विहिरीवरचा पंप ज्याने चालू केला आहे त्याला हे कोडे नवे नाही. पंपाच्या पोटात आणि ओढपाइपात हवा असेल तर मोटर कितीही फिरली तरी पाणी चढत नाही; पाणी ओढायला पंपाला आधी पाणी लागते. म्हणून बादलीने पाणी ओतून पंप भरून घ्यावा लागतो, फूटव्हॉल्व्ह ते पाणी खाली जाऊ देत नाही, आणि मग त्या थोड्या पाण्याच्या आधारावर पंप विहिरीतले सगळे पाणी उपसू लागतो. दही लावायलाही दह्याचेच विरजण लागते. संगणक बूट होणे म्हणजे हे विरजण पडणे होय: फार थोड्या आज्ञा काही वेगळ्या मार्गाने तयार ठेवायच्या, त्यांनी थोड्या जास्त आज्ञा आणायच्या, आणि त्या आज्ञांनी संपूर्ण प्रणाली आणायची.

पहिले विरजण कोणी आणि कसे घातले

शब्दाच्या आधी वस्तू जन्मते, हे या इतिहासात स्वच्छ दिसते. केंब्रिज विद्यापीठात ६ मे १९४९ रोजी एडसॅक या संगणकाने पहिला कार्यक्रम चालवला. त्याची मेमरी पाऱ्याच्या नळ्यांतून फिरणाऱ्या ध्वनिलहरींची होती, म्हणजे यंत्र बंद केले की तीही रिकामी. डेव्हिड व्हीलर यांनी ३१ आज्ञांचा एक छोटा संच रचला, आणि तो टेलिफोन एक्स्चेंजमध्ये वापरल्या जाणाऱ्या फिरत्या स्विचांवर तारांनी कायमचा बांधून ठेवला गेला. बटण दाबले की त्या ३१ आज्ञा मेमरीत उतरत आणि छिद्रे पाडलेल्या कागदी फितीवरून पुढचा कार्यक्रम वाचू लागत. केंब्रिजमध्ये त्यांना 'आरंभीच्या आज्ञा' असे साधे नाव होते. त्या ३१ आज्ञांत नुसते वाचणे नव्हते, तर फितीवरची अक्षरे आणि दशमान आकडे यंत्राच्या द्विमान रूपात बदलण्याचे कामही होते. एवढे काम एवढ्याशा जागेत बसवलेले पाहून आजही आदर वाटतो.

बूटस्ट्रॅप हा शब्द छापील रूपात स्पष्टपणे भेटतो तो १९५३ मध्ये. आयबीएमच्या ७०१ या संगणकाच्या रचनेवर वर्नर बुखहोल्त्झ यांनी त्या वर्षी एक शोधलेख लिहिला. त्यात त्यांनी सांगितले की 'लोड' बटण दाबले की एक पूर्ण शब्द मेमरीतल्या ठरलेल्या जागी येतो, नियंत्रण त्याच जागेकडे जाते आणि यंत्र आपोआप सुरू होते; आणि या पद्धतीला कधी कधी बूटस्ट्रॅप तंत्र म्हणतात. ७०१ मध्ये शब्द ३६ बिटांचा आणि आज्ञा १८ बिटांची होती, म्हणजे बटणाने आत येत होत्या त्या जेमतेम दोन आज्ञा. त्या दोघींनी पुढच्यांना आणायचे, आणि आलेल्यांनी त्यांच्या पुढच्यांना.

या वाक्यातील 'कधी कधी म्हणतात' हे शब्द माग काढणाऱ्याने नजरेआड करू नयेत. लेखक शब्द घडवत नाही, तर प्रयोगशाळेत आधीच बोलला जाणारा शब्द नोंदवतो आहे, हे त्यातून उघड होते. जुन्यात जुना छापील पुरावा म्हणजे शब्दाची जन्मतारीख नव्हे. शब्द त्या तारखेपर्यंत जन्मलेला होता एवढेच तो सिद्ध करतो. याच बुखहोल्त्झ यांनी पुढे १९५६ मध्ये 'बाइट' हा शब्द घडवला, आणि तिथे मात्र घडवणाऱ्याचे नाव निश्चित सांगता येते. दोन्ही शब्दांच्या इतिहासातला हा फरक ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

पुढे बोलण्यात पट्टी गळून पडली आणि नुसता बूट उरला. आयबीएमने स्वतः मोठ्या यंत्रांसाठी 'इनिशियल प्रोग्राम लोड' असे नाव स्वीकारले, आणि मेनफ्रेमवर काम करणारे अभियंते आजही यंत्र 'आयपीएल केले' असे म्हणतात. त्याचा क्रिकेटशी संबंध नाही, ते बूट करण्याचेच दुसरे नाव आहे.

सत्तरच्या दशकातील छोट्या संगणकांवर हे विरजण माणसाला हाताने घालावे लागे. १९७५ च्या अल्टेअर ८८०० ला कळफलक नव्हता, पडदा नव्हता. दर्शनी भागावर स्विचांच्या रांगा होत्या, आणि एकेक बाइट स्विच वरखाली करून भरावा लागे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन त्या यंत्रासाठी लिहिलेली बेसिक ही संगणकभाषा दाखवायला, ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीच्या गावी, अल्बुकर्कीला विमानाने निघाले, तेव्हा ती भाषा कागदी फितीवरून यंत्रात उतरवणारा बूटस्ट्रॅप आपण लिहिलाच नाही हे त्यांना वाटेत लक्षात आले, आणि त्यांनी तो विमानातच लिहून काढला. संपूर्ण भाषा तयार होती, पण त्या मूठभर आज्ञा नसत्या तर ती यंत्राबाहेरच राहिली असती.

१९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला आणि आज आपण ओळखतो तो क्रम घरोघरी पोहोचू लागला. त्यातील एका चिपमध्ये, वीज गेली तरी न पुसल्या जाणाऱ्या आज्ञांचा संच कायमचा बसवला होता. त्याचे नाव बायोस. यंत्राची तपासणी झाली की बायोस डिस्कचा अगदी पहिला तुकडा, फक्त ५१२ बाइटांचा, मेमरीत आणत असे आणि कारभार त्याच्या हाती देत असे. पुढे हार्ड डिस्कच्या या तुकड्याची वाटणी अशी रूढ झाली की ४४६ बाइट आज्ञांना, ६४ बाइट डिस्कच्या चार भागांच्या नोंदीला, आणि शेवटचे २ बाइट 'मी बूट करण्याजोगा आहे' ही खूण पटवायला. एवढ्याशा जागेत मोठे काम मावत नाही, म्हणून हा तुकडा आणखी मोठ्या तुकड्याला आणतो, आणि साखळी पुढे सरकते.

याच पहिल्या तुकड्यामुळे एक उपद्रवही जन्मला. १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या बूट तुकड्यात जाऊन बसत असे. तिथे बसण्याचा लाभ उघड आहे: साखळीत जो आधी येतो तो पुढच्या सर्वांवर ताबा ठेवू शकतो. आजच्या संगणकांतील 'सिक्युअर बूट' ही सोय याच विचारावर उभी आहे. पुढची कडी आणण्यापूर्वी तिच्यावरची डिजिटल सही ओळखीची आहे का हे आधीची कडी पाहते.

आता आपल्या यंत्रात ही साखळी पाहावी

संगणक पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावा आणि पडद्याकडे लक्ष देऊन पाहावे. प्रथम उत्पादकाचे चिन्ह दिसते. त्या वेळी मदरबोर्डवरील चिपमधला कार्यक्रम, जो आता बहुधा यूईएफआय या, बायोसची जागा घेतलेल्या, प्रकारचा असतो, मेमरी, कळफलक, पडदा यांची तपासणी करत असतो. डिस्कचा अजून संबंध आलेला नसतो. त्यानंतर तो स्वतःजवळच्या यादीप्रमाणे डिस्क, पेनड्राइव्ह, नेटवर्क यांपैकी कुठून पुढची कडी आणायची ते ठरवतो. या यादीला बूट ऑर्डर म्हणतात. निवडलेल्या जागेवरून बूटलोडर येतो. एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतील तर कोणते हवे हे विचारणारी यादी या टप्प्यावर दिसते. बूटलोडर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, मेमरीत उतरवतो. गाभा उपकरणांचे ड्रायव्हर, म्हणजे ती उपकरणे चालवणारे छोटे कार्यक्रम, जागे करतो, सेवा सुरू करतो, आणि अखेर पासवर्ड विचारणारा पडदा येतो. भ्रमणध्वनीतही हाच क्रम असतो: चिपमधल्या न बदलणाऱ्या आज्ञा, मग बूटलोडर, मग गाभा. फोन चिन्हापाशी येऊन पुन्हा पुन्हा नव्याने सुरू होतो तेव्हा त्याला 'बूटलूप' म्हणतात, कारण साखळी एका कडीपर्यंत येते आणि परत पहिल्या कडीवर जाते.

एकदा ही साखळी डोळ्यांना ओळखीची झाली की बिघाड कोणत्या कडीत आहे हे बाहेरूनच बरेचसे ठरवता येते.

बटण दाबल्यावर दिवा लागत नाही आणि पंखाही फिरत नाही, तर हा बूटचा बिघाड नाहीच. वीजपुरवठा, चार्जर, बॅटरी किंवा बोर्ड पाहावा. अशा यंत्राला 'बूट होत नाही' म्हणणे म्हणजे विहिरीवर वीज नसताना फूटव्हॉल्व्हला दोष देणे होय.

दिवा लागतो, पंखा फिरतो, पण पडदा काळाच राहतो किंवा ठरावीक लयीत बीप वाजते, तर साखळी पहिल्या कडीत, म्हणजे तपासणीत अडली आहे. बीपांचे अर्थ उत्पादकागणिक वेगळे असतात, म्हणून त्यांची संख्या आणि लांबी मोजून लिहून ठेवावी. रॅमची पट्टी खाचेतून सैल होणे हे याचे नेहमी आढळणारे कारण आहे. या अवस्थेत डिस्क फॉरमॅट करण्याचा सल्ला कोणी दिला तर तो स्वीकारू नये, कारण यंत्र अजून डिस्कपर्यंत पोहोचलेलेच नाही.

उत्पादकाचे चिन्ह येते आणि नंतर 'नो बूटेबल डिव्हाइस' किंवा 'ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड' असा संदेश दिसतो, ही अवस्था मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण सर्वाधिक विनाकारण पुसापुशी इथेच होते. आधी लावलेले सगळे पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्ड काढावेत. फ्लॉपीच्या काळात फ्लॉपी आत विसरली की 'नॉन सिस्टिम डिस्क' असा संदेश येत असे. कारण तेच, यादीत आधी येणाऱ्या जागी बूट करण्याजोगे काही नसते. तरीही अडले तर चालू करताना एफ २ किंवा डिलीट कळ दाबून सेटिंगमध्ये जावे. कळ उत्पादकाप्रमाणे बदलते. तिथे डिस्कचे नाव दिसते का ते पाहावे. नाव दिसत असेल तर डिस्क यंत्राला सापडते आहे, आणि बिघाड बहुधा बूट ऑर्डरमध्ये किंवा डिस्कवरील बूटच्या फायलींमध्ये आहे. आपल्या फायली बऱ्याचदा सुरक्षित असतात. नाव दिसतच नसेल तर केबल, जोडणी किंवा डिस्क यांच्याकडे वळावे, आणि डिस्कवरचा मजकूर मोलाचा असेल तर यंत्र पुन्हा पुन्हा चालू करून पाहू नये. पाहणी करताना सिक्युअर बूटसारखी सेटिंग उगाच बदलू नये. विंडोजने डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद केली असेल तर अशा बदलानंतर ती पुनर्प्राप्तीची लांबलचक किल्ली मागते, आणि ती जवळ नसेल तर नवाच पेच उभा राहतो.

विंडोजचे चिन्ह दिसते, गोल फिरत राहते, आणि त्रुटीचा निळा किंवा काळा पडदा येतो किंवा यंत्र नव्याने सुरू होते, तर बूटलोडरने आपले काम बजावले आहे आणि अडथळा गाभ्याच्या किंवा ड्रायव्हरच्या पातळीवर आहे. सेफ मोडचा उपयोग इथे होतो; त्यात अगदी आवश्यक तेवढेच ड्रायव्हर उठवले जातात, त्यामुळे नुकताच टाकलेला दोषी ड्रायव्हर किंवा सॉफ्टवेअर काढून टाकता येते.

डिस्क ठीक आहे पण तिच्यावरची प्रणाली उठत नाही, अशा वेळी फायली वाचवण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे दुसऱ्या विरजणाने यंत्र उठवणे. दुसऱ्या संगणकावर लिनक्सचा बूटेबल पेनड्राइव्ह तयार करावा, सुरू करताना एफ १२ किंवा एस्केप कळीने येणाऱ्या यादीतून तो निवडावा, आणि आत आल्यावर आपल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात; डिस्क कुलूपबंद असेल तर किल्ली इथेही लागते. पेनड्राइव्ह तयार करताना बरेच जण आयएसओ फाइल, म्हणजे संपूर्ण डिस्कचा मजकूर एकत्र बांधलेली फाइल, नुसती कॉपी करतात आणि तो बूट का होत नाही म्हणून त्रासतात. कारण आता सांगायला नको: चालू होताना यंत्राला फायलीच्या आत उघडून पाहता येत नाही, ते ठरलेल्या जागी ठरलेली कडी शोधते. त्यासाठी आयएसओतील मजकूर योग्य रचनेत पेनड्राइव्हवर उतरवणारे साधन वापरावे, आणि पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व काही या क्रियेत पुसले जाते हे लक्षात ठेवावे.

बंद करून चालू करणे आणि रिस्टार्ट करणे यांतला फरक

वीज पूर्ण तोडून नव्याने सुरू करणे म्हणजे कोल्ड बूट, आणि वीज चालू ठेवून साखळी पुन्हा पहिल्यापासून चालवणे म्हणजे वॉर्म बूट. पहिल्या पीसीत मेमरी तपासायला बराच वेळ जाई, म्हणून आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळांची सोय केली, जिने तपासणी वगळून यंत्र नव्याने उठत असे. चुकून एका हाताने दाबल्या जाऊ नयेत म्हणून कळा मुद्दाम दूरदूरच्या निवडल्या होत्या.

आजच्या विंडोजमध्ये मात्र एक गोष्ट बहुतेकांच्या समजुतीच्या उलट आहे. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' ही सोय आली. ती चालू असताना 'शट डाउन' केले की गाभ्याची तेव्हाची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत मेमरीत आणली जाते. म्हणजे गाभा नव्याने उभा राहत नाही. 'रिस्टार्ट' केले की मात्र साखळी खरोखर पहिल्यापासून चालते. म्हणून ध्वनी येत नाही, प्रिंटर सापडत नाही अशा तक्रारी रात्री बंद करून सकाळी चालू केल्याने जात नाहीत, पण रिस्टार्टने जातात. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरच्या पानावर 'अप टाइम' पाहावा. रोज बंद होणाऱ्या संगणकावरही तिथे कित्येक दिवस मोजलेले दिसले तर कारण हेच. पूर्ण बंद करायचेच असेल तर शिफ्ट कळ दाबून धरून शट डाउन निवडावे.

त्याच पट्टीला धरून आलेले इतर शब्द

हाच शब्द इतर क्षेत्रांत भेटला तर तिथेही पट्टी शोधावी, म्हणजे अर्थ उलगडतो. संख्याशास्त्रात ब्रॅडली एफ्रॉन यांनी १९७९ मध्ये मांडलेली बूटस्ट्रॅप पद्धत हाताशी असलेल्या एकाच नमुन्यातून पुन्हा पुन्हा नमुने काढून अंदाजाची अचूकता तपासते. बाहेरून नवी माहिती येत नाही. उद्योजक बूटस्ट्रॅप करतो म्हणजे गुंतवणूकदाराविना, धंद्यातून आलेल्या पैशावर धंदा वाढवतो. कंपायलर, म्हणजे माणसाने लिहिलेला कार्यक्रम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कार्यक्रम, बूटस्ट्रॅप करणे म्हणजे एखाद्या भाषेचा कंपायलर त्याच भाषेत लिहिणे. १९६२ मध्ये एमआयटीत लिस्प भाषेचा कंपायलर लिस्पमध्येच लिहिला गेला, आणि तो पहिल्यांदा यंत्राच्या भाषेत उतरवण्यासाठी आधीच चालत असलेल्या लिस्प इंटरप्रिटरचे, म्हणजे त्या भाषेतल्या आज्ञा थेट चालवणाऱ्या कार्यक्रमाचे, विरजण वापरले गेले. संकेतस्थळे घडवणाऱ्यांच्या हाती असलेली बूटस्ट्रॅप ही साधनसंचिका मात्र केवळ नावापुरती या कुळातली आहे.

दुरुस्तीला यंत्र नेताना 'बूट होत नाही' एवढेच न सांगता साखळी कुठवर येते ते सांगावे. उदाहरणार्थ: "कंपनीचे चिन्ह येते, बीप वाजत नाही, सेटिंगमध्ये डिस्कचे नाव दिसते, पण त्यानंतर बूटेबल डिव्हाइस नाही असा संदेश येतो, डिस्कवर माझ्या फायली आहेत, त्यामुळे मला विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये." ही वाक्ये कागदावर लिहून यंत्रासोबत द्यावीत, आणि त्याच मजकुराची नोंद पावतीवरही करून घ्यावी.